सुलट विणीचा ढगळ स्वेटर: टाक्यांच्या आधी वजनाचा हिशेब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन सुयांवर फक्त सुलट टाका येतो. एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून ढगळ स्वेटर सुरू केलात, त्यांनी सांगितली तशी 8 नंबरची सुई आणलीत, 100 टाके घातलेत. वीतभर विणून झालं, पण रुंदी 23 इंचांच्या आसपास यायला हवी ती 20 च भरतेय. लोकर किती लागेल ते दुकानदार एक सांगतो, मैत्रीण दुसरंच. त्यात त्याच मैत्रिणीचा असाच स्वेटर थंडी संपेपर्यंत मांड्यांवर उतरला, त्यामुळे पुढं जायची धास्ती वाटतेय. तुमची छाती 36 इंच, आणि स्वेटर वापरायचा कोल्हापुरातच.

पहिला गुंता सोपा आहे, तो आधी सोडवू. आपल्याकडच्या दुकानात सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. त्या बाई 5 च्या सुईवर विणत होत्या, तुम्ही 4 च्या. शिवाय त्या ज्या लोकरीला मध्यम जाडीची म्हणतात ती आपल्याकडच्या डबल निटिंग जाडीच्या लोकरीपेक्षा जाड असते. त्यांचे इंचाला सव्वाचार टाके पडत असतील, तुमचे पाच पडतायत. 100 भागिले पाच, 20 इंच. तुमचा हात चुकलेला नाही, घट्टही नाही. इथून पुढे बाहेरचा कुठलाही पॅटर्न घेतलात तर सुईचा नंबर सोडून द्या, मिलिमीटर बघा. सुईवर नाहीतर पाकिटावर तो आकडा छापलेला असतो.

आता तुम्हाला वाटेल, म्हणजे 5 मिलिमीटरची सुई आणून परत सुरू करायचं. मी नको म्हणेन. हीच सुई ठेवा. का, ते सांगण्यासाठी मैत्रिणीच्या स्वेटरकडे यावं लागेल, कारण तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. तुम्ही टाके विचारलेत, पण या प्रकारच्या स्वेटरचं बरं-वाईट ठरतं ते तो स्वतःच्या वजनाने किती लोंबतो यावर.

सुलटच सुलट विणत गेलं की दोन ओळींची मिळून एक उठावाची धारी तयार होते. उसाच्या रानात सरी आणि वरंबा असतो तसं दिसतं, उठाव, खळगा, उठाव, खळगा. कापड मोकळं ठेवलं तर या धाऱ्या एकमेकींजवळ सरकून बसतात आणि ओळी उभ्या दिशेने आखडतात. म्हणून त्याच लोकरीत, त्याच सुईवर, एक ओळ सुलट एक ओळ उलट विणलं तर इंचाला सातेक ओळी बसतात, आणि नुसत्या सुलट विणीत दहा. त्यातून दोन गोष्टी होतात. एक, तेवढ्याच लांबीला जास्त ओळी म्हणजे जास्त लोकर, म्हणजे जास्त वजन. दोन, ते आखडलेपण कायमचं नसतं. खालून ओढ बसली की खळगे उघडतात आणि कापड लांब होतं. जी वीण मुळातच जड, तीच उभी ताणली जाणारी. वर आपण तिचा ढगळ स्वेटर करायला निघालोय, म्हणजे कापड आणखी जास्त. बरं, अंगाला घट्ट बसणारा स्वेटर छातीवर, कमरेवर थोडाफार अडकून राहतो. ढगळ स्वेटर दोन खांद्यांवर टांगलेला असतो, त्याला मध्ये कुठेच आधार नाही. मैत्रिणीचा स्वेटर मांड्यांवर आला तो याचमुळे, तिच्या हातात दोष होता असं मला वाटत नाही.

आणि म्हणून 4 मिलिमीटरची सुई. डबल निटिंग लोकर 5 च्या सुईवर विणली की वीण मऊ, सैल, सुंदर होते, व्हिडिओत तर फारच छान दिसते. पण टाका जितका सैल तितकी ती उघडायला जागा जास्त. शालीला ते चालेल. स्वेटरला थोडी दाट वीण हवी. हातात घेतल्यावर 'अजून जरा मऊ असती तर' असं वाटेल इतपत. वापराने, धुण्याने ती सैल होणारच आहे.

काही गोष्टी मात्र इथून सांगता येत नाहीत. तुम्ही लोकर कसली आणलीय ते लिहिलेलं नाही. आपल्याकडे दुकानात मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक, आणि कोल्हापूरसाठी मला त्यात काही वावगं वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवर जाताना नाहीतर पन्हाळ्यावर वारा लागतो तेव्हा स्वेटर हवाच, पण दुपारी बारा वाजता तो काढून हातावर टाकावा लागतो. इतक्या थंडीला अस्सल लोकर हवीच असं नाही. अस्सल लोकरीचा फायदा वेगळा आहे: तिच्यात लवचीकपणा असतो, ताणली तरी बरीचशी जागेवर येते. अॅक्रिलिक एकदा लोंबलं की तेवढं परत येत नाही. सुती धागा मात्र या स्वेटरला अजिबात नको. तो सगळ्यात जड, लवचीकपणा जवळजवळ नाही, आणि ओला झाला की आणखी ओढतो. पावसाळ्यात तर तो इथे वाळणारही नाही.

मध्येच एक, कारण हे हमखास विचारलं जातं. आपल्याकडच्या धनगरांची लोकर आणून तिचा असा स्वेटर होईल का? दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड धाग्याची. तिची घोंगडी होते, हातमागावर, चिंचोक्याची खळ लावून, आणि त्या कामात तिला तोड नाही. पण दोन सुयांवर विणून मानेला लागेल असा स्वेटर केलात तर दिवसभर मान खाजवत बसाल.

लेबलवर फोर प्लाय, थ्री प्लाय लिहिलेलं असतं त्यावर फार भरवसा नको. प्लाय म्हणजे किती पदर पिळलेत तेवढंच. पदर जाड की बारीक ते त्यावरून कळत नाही. पट्टीवर धागा न ताणता शेजारी शेजारी गुंडाळून बघा. एका इंचात 11 ते 14 वेढे बसले तर ती डबल निटिंगच्या जवळपास आहे आणि खालचे सगळे आकडे तुम्हाला लागू पडतील. त्याहून जास्त वेढे बसले तर लोकर बारीक, मग टाके वाढतील.

आता तुमच्या हातातला तो वीतभर तुकडा. तो उसवू नका. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच बसवायचा आहे. एरवी नवीन माणसाला मी आधी सहा इंची चौकोन विणायला लावते आणि तो टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. तुमच्याकडे त्याहून मोठा तुकडा तयार आहे. टाके सुईवरून काढून एका जाड दोऱ्यात ओवून ठेवा. तुकडा कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवा पसरून वाळवा. वाळल्यावर रुंदी मोजा, उंची मोजा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. हे तीन आकडे लिहून ठेवा.

मग तो चिमट्यांनी दोरीवर टांगा. चिमटे जवळ जवळ लावा, नाहीतर दोन टोकांना ओढ बसून मधे झोळ येईल. खालच्या काठाला एका पिशवीत 50 ग्रॅमचे दोन गुंडे घालून अडकवा. वजन लावायचं ते यासाठी, की एवढासा तुकडा स्वतःच्या भाराने फारसा लोंबत नाही. अख्ख्या स्वेटरच्या खांद्यावर मात्र खालचं सगळं अंग आणि बाह्या लटकतात. रात्रभर राहू दे. सकाळी टांगलेला असतानाच उंची मोजा.

समजा, आडवा असताना उंची 9 इंच होती आणि टांगल्यावर पावणेदहा झाली. म्हणजे कापड सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास वाढलं. तुम्हाला अंगावर 23 इंच लांबी हवी असेल तर विणायचे 21 इंच आणि वर थोडं, कारण 23 ला 1.083 ने भागलं की 21.2 येतात. इंचाला पाच धाऱ्या धरून 106 धाऱ्या. तुमची वाढ कमी-जास्त असेल तर 106 चा आकडाही बदलेल, भागाकार तोच. हा एक भागाकार केला असता तर मैत्रिणीचा स्वेटर वाचला असता, असं मी म्हणेन. आणि वाढ 15 टक्क्यांच्या वर गेली तर लांबी कमी करत बसू नका, 9 नंबरची, म्हणजे पावणेचार मिलिमीटरची सुई घ्या आणि पुन्हा तुकडा करा. तेवढी ताणली जाणारी वीण कुठल्याच हिशेबात टिकत नाही.

रुंदीचं म्हणाल तर ढगळ म्हणजे किती ढगळ, हे आवडीवर आहे. छातीच्या मापात 8 ते 12 इंच वाढवतात. तुमच्या 36 ला मी 10 धरते: घेर 46, म्हणजे पुढचा भाग 23 इंच, मागचा 23. इंचाला पाच टाके, 115 टाके. तुम्ही 100 घातले होते, त्यात 15 वाढले, एवढाच फरक. उंची पाच फुटांच्या आत असेल तर 10 ऐवजी 8 इंच वाढवा. नाहीतर खांद्याची शिवण दंडाच्या अर्ध्यावर येते आणि स्वेटर मोठ्या भावाचा वाटतो.

लोकरीचं कोडंही त्याच तुकड्यावर सुटतं. तुकडा 20 बाय 9, म्हणजे 180 चौरस इंच. वजन समजा 60 ग्रॅम भरलं, म्हणजे तीन चौरस इंचाला एक ग्रॅम. अंगाचे दोन भाग, 23 बाय 21.2, मिळून 975 चौरस इंच. दोन बाह्या मिळून 380 च्या आसपास. एकूण साडेतेराशे, तिनाने भागले की साधारण 450 ग्रॅम. त्यात शिवण, टोकं, एखादी उसवाउसवी धरून 15 टक्के वाढवा. 550 ग्रॅम आणलीत तर मध्येच लोकर संपली म्हणून परत दुकानात पळावं लागणार नाही. दुकानदार आणि मैत्रीण, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील. एक अंगाला घट्ट बसणाऱ्या स्वेटरचा हिशेब सांगत असेल, दुसरी सैल विणीचा. सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलवर शेड नंबरबरोबर लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, एकच आहे ना ते बघा. एकाच शेडच्या दोन लॉटमध्ये फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात लगेच दिसतो, आणि सपाट सुलट विणीत तर पट्टाच दिसतो.

115 टाके लांब सरळ सुईवर मावतील, पण मी तुम्हाला केबल असलेली गोल सुई घ्यायला सांगेन, 32 इंची, 4 मिलिमीटर. तिच्यावर गोल विणायचं नाही. सरळ सुईसारखंच जायचं, उलटवायचं, परत यायचं. फायदा हा की कापडाचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. गोल विणलं तर शिवण वाचेल हा मोह टाळा, कारण गोलात सुलट विणीसाठी एक फेरी सुलट आणि एक फेरी उलट विणावी लागते आणि उलट टाका तुम्हाला अजून येत नाही. शिवाय या स्वेटरला बाजूच्या शिवणी हव्याच आहेत. त्या कापडाला उभं धरून ठेवतात.

टाके घालताना काठ फार सैल नको. पहिल्या 10 धाऱ्या 9 नंबरच्या सुईवर विणा, मग 8 वर या, म्हणजे खालचा घेर झालरीसारखा पसरणार नाही. रिब, म्हणजे काठाला सुलट-उलट टाक्यांची पट्टी, घालायची गरज नाही. सुलट विणीचा काठ गुंडाळत नाही, हा तिचा मोठा गुण. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उजव्या सुईवर सरकवायचा की विणायचा, यावर लोक भांडतात. टाका सरकवून बाजू साखळीसारखी नीट दिसते हे खरं, पण ती सैल पडते, आणि आपल्याला बाहीसाठी याच कडेतून नवे टाके उचलायचे आहेत, शिवण घालायची आहे. मी या स्वेटरमध्ये पहिला टाका विणतेच. कडा थोडी खडबडीत दिसेल, पण ती शिवणीत जाणार आहे.

ओळी मोजू नका, धाऱ्या मोजा. दर 10 धाऱ्यांना एक सेफ्टी पिन लावत जा. सुलट विणीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात, म्हणून ज्या बाजूला पिना ती बाहेरची बाजू, हे एकदाच ठरवा. नवा गुंडा नेहमी ओळीच्या सुरुवातीला जोडा, मध्ये नाही, आणि वीतभर टोक ठेवा. ते शिवताना आत लपवता येतं. आणि दर 30 धाऱ्यांनी रुंदी मोजा. दिवसभराच्या कामानंतर रात्री टीव्हीसमोर विणताना हात सैल पडतो, हे मी शिकवताना कायम बघते. 23 चे 24 कधी झाले ते कळत नाही.

मागचा भाग सरळ आयत: 115 टाके, 106 धाऱ्या. पुढच्या भागाला लोक तोच आयत दुसऱ्यांदा विणतात आणि वर मध्ये फट ठेवतात. ते सोपं आहे, पण गळा समोरून हनुवटीखाली येतो, मग माणूस दिवसभर पुढून स्वेटर खाली ओढतो, आणि मागचा भाग वर चढतो. पुढच्या गळ्याला दोन-तीन इंच खोली द्याच. 92 धाऱ्या झाल्या की बाहेरच्या बाजूने 44 टाके विणा, मधले 27 बंद करा, उरलेले 44 विणा. एक बाजू जाड दोऱ्यात ओवून बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूवर गळ्याकडच्या काठाला प्रत्येक धारीत एकदा दोन टाके एकत्र सुलट विणा, असं 10 वेळा. 34 टाके उरतील. चार धाऱ्या सरळ विणल्या की त्या बाजूच्याही 106 पूर्ण. मग लोकर जोडून दुसरी बाजूही तशीच. मागच्या भागावर दोन्हीकडचे 34-34 टाके खांदे, मधले 47 गळा, म्हणजे गळ्याची रुंदी सव्वानऊ-साडेनऊ इंच. याहून रुंद नको. रुंद गळा म्हणजे खांदा अरुंद, आणि अरुंद खांद्यावर तेवढंच वजन.

खांदे बंद करताना टाके सैल सोडू नका. दोन्ही भागांचे टाके समोरासमोर धरून तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एक एक टाका एकत्र विणत बंद केले तर शिवण मजबूत होते. हे जमत नसेल तर वेगळे बंद करून शिवा, काही बिघडत नाही. पण त्यानंतरची एक पायरी चुकवू नका. कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये अर्धा इंच रुंदीची सुती फीत मिळते. ती आधी धुऊन घ्या, नंतर आटायला नको. एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्याच्या काठाने दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत आतून हातशिलाईने लावा. सुती फीत ताणत नाही, म्हणून खांदाही ताणत नाही. ज्यांना स्वेटर शिवून देते त्यांना ती फीत दिसतसुद्धा नाही, पण पाच वर्षांनी स्वेटर खांद्यावरच बसलेला असतो. गळ्याला क्रोशाने घट्ट साखळीची एक ओळ फिरवलीत तर गळाही पसरणार नाही. नेसत्या साडीला फॉल लावतो तितकंच हे काम, पण बहुतेक पॅटर्नमध्ये त्याचा उल्लेख नसतो.

बाह्या वेगळ्या विणून जोडण्यापेक्षा अंगावरूनच उचला. इथे सुलट विणीची एक सोय आहे जी मला फार आवडते: इंचाला पाच टाके आणि इंचाला पाच धाऱ्या, म्हणजे एका धारीला एक टाका. मोजदाद, गाळागाळ काही नाही. खांद्याच्या शिवणीपासून पुढे 40 धाऱ्या, मागे 40 धाऱ्या, प्रत्येक धारीतून एक टाका, 80 टाके. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी अजून घातलेल्या नसतील, म्हणजे बाही सपाटच विणता येते.

बाहीची लांबी खांद्यापासून मोजू नका. ढगळ स्वेटरचा खांदा दंडावर उतरलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या मापाने बाही हमखास लांब होते. मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत, हात थोडा आडवा धरून मोजा. ते समजा 27 इंच आलं. त्यातून अंगाच्या रुंदीचं निम्मं, साडेअकरा, वजा करा. उरले साडेपंधरा, म्हणजे 77 धाऱ्या. दर चार धाऱ्यांनी दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत जा, 18 वेळा. 80 चे 44 होतील, 72 धाऱ्या होतील, पुढच्या पाच सरळ. मनगटाला पावणेनऊ इंच घेर येईल, बाही वर ओढून भांडी घासता येतील इतका. बाहीही थोडी लोंबते. ते इंचभर तळव्यावर आलेलं चालत नसेल तर शेवटच्या पाच धाऱ्या सोडून द्या.

मग स्वेटर उलटा करून बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खालच्या काठापर्यंत एकच शिवण. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, लोकर तीच. इकडची धारी तिकडच्या धारीला लावत जा. दोन्हीकडे 106 मोजलेल्या असल्या की आपोआप जुळतं.

आकडे एकत्र लिहिते, पण लक्षात ठेवा, इंचाला पाच टाके आणि सव्वाआठ टक्के वाढ धरूनचे आहेत: मागे 115 टाके, 106 धाऱ्या. पुढेही तेच, 92 व्या धारीनंतर गळा. बाहीला 80 टाक्यांवरून 44. लोकर 550 ग्रॅम. सगळे मिळून 68,000 च्या आसपास टाके होतात. मिनिटाला 20 टाके पडले तरी 56-57 तासांचं काम. रोज तासभर मिळत असेल तर दोन महिने. गणपती गेल्यावर बसलात तर थंडी पडेपर्यंत अंगात येईल, दिवाळीत सुरू केलात तर संक्रांत उजाडेल.

हाच स्वेटर आडवा विणायची एक पद्धत आहे, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीकडे, म्हणजे धाऱ्या उभ्या येतात. मग ताण आडवा जातो आणि लांबी बरीच जागेवर राहते. तांत्रिकदृष्ट्या ती जास्त बरी. पण त्यात गळ्यासाठी मध्ये टाके बंद करून पुन्हा घालावे लागतात आणि खांद्याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. पहिल्या स्वेटरला मी ती सुचवत नाही. दुसरा करायचा झाला तर जरूर करा.

धुण्याबद्दल. अॅक्रिलिक असेल तर इस्त्री किंवा वाफ अजिबात लावू नका. गरम वाफेने त्या धाग्याचा जीव जातो, वीण लुळी पडते आणि पुन्हा उभी राहत नाही. आणि ओला स्वेटर दोरीवर टाकायचा नाही. पाणी धरलेलं कापड कितीतरी जड असतं, आणि सगळा हिशेब एका दुपारी वाया जातो. खाटेवर जुना टॉवेल पसरून त्यावर आडवा, बाह्या अंगाला चिकटवून. कपाटातही हँगरला न लावता घडी घालून ठेवा.

तुकडा टांगून झाला की धुतल्यानंतरची रुंदी, आडव्याची उंची, टांगलेल्याची उंची आणि वजन कळवा. स्वतःची उंचीही कळवा. 115 चे 110 करायचे का, ते तेव्हा बघू. तोपर्यंत नवीन टाके घालू नका.